भिंतीचा दर्जा

दिवाळीत एकदा तरी गवंडी झाला नाही असा मराठी माणूस सापडणे कठीण. कुणी अंगणात, कुणी वाड्याच्या चौकात, तर कुणी चाळीच्या जिन्याखाली किल्ला केलेला असतोच. त्या वयात दगडाचे महत्त्व फार. मोठा दगड कुणी आणला यावरून भांडणे जुंपतात. दोन दगडांमधल्या चिखलाची आठवण मात्र कुणाला राहत नाही. पुढे खरे घर बांधायची वेळ येते तेव्हाही आपली नजर तशीच राहते. फरशी कोणती, दाराला लाकूड कोणते, ओटा केवढा, यांवर महिनोन्‌महिने चर्चा झडतात. विटा कशाने जोडायच्या, हा प्रश्न आपण मिस्त्रींवर सोपवतो, आणि मिस्त्री तो फावडे मारणाऱ्या पोरावर सोपवतात.

मी महाविद्यालयात मराठी शिकवते. बांधकामाशी माझा संबंध शब्दांपुरता. पण गवंड्यांचे शब्द मोठे बोलके आहेत. 'दर्जा' म्हटले की माझ्या विद्यार्थ्यांना गुणवत्ता आठवते. गवंड्याची 'दर्ज' म्हणजे दोन विटांमधली सांध, आणि 'दर्जा भरणे' म्हणजे या सांधी बुजवणे. हा दर्ज फारशीतला. त्याचा अर्थ शिवण, आणि म्हणूनच शिवणारा तो दर्जी. गुणवत्तेचा दर्जा अरबीतून आला. दोघांचे कूळ वेगळे. पण भिंतीपुरते बोलायचे तर एकावरच दुसरा अवलंबून असतो. गिलाव्यातला 'गिल' म्हणजे फारशीतला चिखल, विटांच्या भुकटीची सुरखी ही 'सुर्ख' म्हणजे लाल, आणि चुना तर आपल्या संस्कृत चूर्णाचाच नातू. ज्या कालवणाने विटा जोडायच्या त्याला पुण्यामुंबईकडे 'माल' म्हणतात, आमच्या नागपूरकडे 'मसाला'. मसाला म्हटल्यावर मलाही जरा धीर आला.

धीराची गरजच होती. हिंगण्याच्या गावठाणातले आमचे घर आजेसासऱ्यांनी बांधलेले. विटा मऊ, जोडकाम चुन्याचे. काही वर्षांपूर्वी पश्चिमेच्या भिंतीला ओल दिसली तेव्हा एका कंत्राटदाराने खालचे तीन फूट सिमेंटच्या कडक गिलाव्याने मढवून दिले होते. दोन पावसाळे बरे गेले. मग ओल त्या चिलखताच्या वरून डोके काढू लागली, आणि बोटाने खरवडले तर विटेची लाल भुकटी हातात येऊ लागली. थोरल्या भावजींचे मत पडले की भिंत पाडावी आणि नवी सिमेंटची बांधावी. "वहिनी, एकाला तीन करून टाका, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या बघायला नको!" एकाला तीन म्हणजे एक भाग सिमेंटला तीन भाग रेती. भिंत पाडायची तर वरचे छप्पर उतरवावे लागणार, आणि सासूबाईंना वर्षभर शहरात भाड्याच्या खोलीत राहावे लागणार. त्या काही बोलल्या नाहीत. पण त्या दिवसापासून त्यांनी तुळशीपाशी बसायचा वेळ वाढवला.

अशा वेळी एक वयस्क मिस्त्री भेटले. त्यांनी भिंतीवर थापीच्या दांड्याने ठकठक केले आणि मला विचारले, "बाई, इट नरम अन् मसाला कडक, तं मंग फुटन कोन? इटच फुटन नं! सांद फुटली तं भरून घेता येते. इट फुटली तं भित उकलाव लागते."

विटकामाचा सगळा शहाणपणा या चार वाक्यांत आहे. नंतर पुस्तके चाळली तेव्हा भारतीय मानक संस्थेचे म्हणणेही हेच निघाले, की सांध्यातला मसाला विटेहून बळकट असू नये. भिंत स्थिर दिसते. पण ती उन्हात फुगते, थंडीत आखडते. त्यात आमच्याकडची काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. ही सारी हालचाल कुणीतरी सोसायची असते. मसाला नरम असेल तर ती शेकडो सांध्यांत वाटली जाते आणि केसाएवढ्या चिरांवर भागते. मसाला कडक असेल तर एकाच जागी विटांमधून आरपार तडा जातो. ओलीचेही तसेच. चुन्याचा सांधा श्वास घेतो. जमिनीतून चढलेले पाणी त्यातून बाहेर उडून जाते. वर घट्ट सिमेंट थापले की त्या पाण्याची वाट बंद होते. मग ते भिंतीतच वर चढते, आणि त्याच्याबरोबर आलेले क्षार विटेला आतून फोडतात.

चुन्याची गोष्ट मोठी गमतीची आहे. चुनखडी भट्टीत भाजली की तिच्यातला वायू निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी ओतले की तो खदखदून विरतो. (हे काम मुलांपासून लांब करावे, डोळ्यांत उडाला तर दृष्टीवर बेतते.) विरलेला चुना भिंतीत गेला की हवेतला तोच वायू हळूहळू परत घेतो आणि पुन्हा चुनखडीचा दगड होतो. विदर्भातल्या काळ्या मातीत कंकर म्हणून चुनखडीचे खडे सापडतात. त्यांत मुळातच थोडी चिकणमाती असल्यामुळे त्यांचा चुना ओलीतही घट्ट होतो. जिथे असा चुना नसे तिथे सुरखी घालत. रोमन लोकांनी पोझुओली गावाजवळची ज्वालामुखीची राख घालून हाच परिणाम साधला होता. आपल्याकडे बैलाच्या घाणीत चुना आणि रेती तासन्‌तास मळत. कुणी गुळाचे पाणी, कुणी हिरडा, कुणी बेलफळाचा गर त्यात घालत. हेमाडपंती देवळांनी तर चुन्याचीही गरज ठेवली नाही. दगडच असे घडवले की एकमेकांत अडकून बसावेत.

मग सिमेंट आले. इंग्लंडातल्या जोसेफ अ‍ॅस्पडिनने १८२४ साली 'पोर्टलंड सिमेंट'चे पेटंट घेतले. पोर्टलंडच्या दगडासारखे दिसते म्हणून ते नाव. आपल्याकडे १९१४ साली पोरबंदरला सिमेंटचा कारखाना सुरू झाला. चुना आठवडेच्या आठवडे मागतो, सिमेंट एका रात्रीत उभे राहते. घाईच्या युगाला दुसरे काय हवे?

आता कुणी म्हणेल, नरम मसालाच बरा तर नुसती माती काय वाईट? या प्रश्नाचे उत्तर ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे मिळाले. किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यांत गावेच्या गावे झोपेत गाडली गेली. तिथल्या भिंती दोन-दोन, तीन-तीन फूट जाड होत्या. पण ओबडधोबड दगडांच्या मध्ये केवळ चिखल, दोन पदरांना बांधणारे आरपार जोडदगड नाहीत, आणि डोक्यावर मातीचे जड माळवद. जमीन हलली तेव्हा भिंतीचे दोन पदर दोन दिशांना गेले. हजारो माणसे गेली. आपण भूकंपापासून फार दूर आहोत अशा भ्रमात नागपूरकरांनीही राहू नये; २२ मे १९९७ चा जबलपूरचा धक्का इथेही जाणवला होता. तेव्हा मसाला विटेहून थोडा नरम हवा, पण तिला धरून ठेवण्याइतका पक्का हवाच. शिवाय नव्या घराला दाराखिडक्यांच्या डोक्यावरून चहूकडे फिरणारा सलग काँक्रीटचा पट्टा हवा.

आमच्या घरी शेवटी दोन निर्णय झाले. जुन्या भिंतीचे सिमेंट थंडीत हलक्या हाताने काढले, उन्हाळाभर भिंत उघडी सुकू दिली, कुजक्या विटा बदलल्या आणि एकाला दोन अशा चुना-रेतीने दर्जा भरल्या. हा पावसाळा त्यावर गेला. ओल साफ गेली असे मी म्हणणार नाही. पण छातीपर्यंत चढलेली रेघ गुडघ्याखाली उतरली आहे, आणि भाड्याच्या खोलीचा विषय पुन्हा निघालेला नाही. मागच्या बाजूचे नवे स्वयंपाकघर मात्र सिमेंटचे होणार आहे.

त्या निमित्ताने जमवलेली माहिती, ज्यांचे काम दिवाळीनंतर निघणार असेल त्यांच्यासाठी देते. नऊ इंची भिंतीला एकाला सहा पुरते. साडेचार इंची आडभिंतीला एकाला चार. दर्जा भरायला एकाला तीन. एक सिमेंट, एक चुना आणि सहा रेती असे मिश्रण केले तर मसाला थापीखाली लोण्यासारखा पसरतो आणि चिराही कमी पडतात. माप फावड्याने घेऊ देऊ नका. दमलेल्या माणसाचे फावडे संध्याकाळी लहान होते. सिमेंटचे ५० किलोंचे पोते सुमारे ३५ लिटर भरते. तेवढ्याच मापाची पेटी करून घ्यावी. ओलसर रेती फुगते, कधी शेकडा पंचवीसपर्यंत, हेही मापताना ध्यानात ठेवावे. रेती कन्हानची असो की दगड दळून केलेली, काचेच्या पेल्यात मिठाच्या पाण्यात ढवळून तीन तास ठेवावी. वर साचलेला गाळ शेकडा आठापेक्षा जास्त दिसला तर गाडी परत पाठवावी. सिमेंट आणि रेती आधी कोरडीच एका रंगाची होईतो मिसळावी, मग पाणी. विटा भिजवून घ्याव्या, नाहीतर त्या मसाल्यातले पाणी पिऊन टाकतात. पाणी पडलेला मसाला अर्ध्या तासात, फार तर तासाभरात संपवावा. जेवणाच्या सुट्टीत घट्ट झालेल्या मसाल्यावर पुन्हा पाणी ओतून तो 'जिवंत' करण्याची युक्ती सर्वत्र चालते. घरधन्याने उभे राहून थांबवावी अशी ती पहिली गोष्ट!

आणि शेवटी तराई. सिमेंट वाळून घट्ट होते ही आपली जुनी समजूत. ते पाणी पिऊन घट्ट होते. वाळले तर अर्धवटच राहते. निदान सात दिवस भिंत ओली हवी. आमच्या मिस्त्रींच्या हिशेबाने धनत्रयोदशीपर्यंत स्वयंपाकघराची भिंत खिडकीपर्यंत येईल आणि माणसे गावी जातील. पाणी मारण्याचे काम घरच्यांकडे आले आहे. नरक चतुर्दशीच्या पहाटे आधी भिंतीची अंघोळ आणि मग माणसांची, असा सासूबाईंचा हुकूम सुटला आहे. भावजी त्या दिवशी सहकुटुंब येणार आहेत. पहिली बादली त्यांच्या हाती द्यायची असेही ठरले आहे.