बाजार एक, महागाई दोन

मागल्या आठवडी बाजारात, आमच्या भंडाऱ्यात, दोन निवृत्त माणसे एकाच दुकानापुढे भेटली. एक जवाहरनगरच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले माझे शेजारी. दुसऱ्या, उभा जन्म बिड्या वळण्यात घालवलेल्या ओळखीच्या बाई. दोघांनीही लाखोळीच्या डाळीचा भाव विचारला. शेजाऱ्यांनी दोन किलो घेतली, बाईंनी पावशेर. मी महागाईचा विषय काढला तशा त्या म्हणाल्या, "बाजार त आमचाबी तोच हाये ना, भाऊ?"

तोच आहे. फरक पेन्शनीत आहे. केंद्र सरकारी निवृत्तांची पेन्शन ग्राहक किंमत निर्देशांकाला बांधलेली. जानेवारी आणि जुलै, वर्षातून दोनदा तिचा हिशेब होतो. सातव्या वेतन आयोगानंतर शून्यापासून सुरू झालेला हा भत्ता जानेवारी २०२४ मध्ये ५० टक्क्यांवर पोचला; म्हणजे दहा हजार मूळ पेन्शनीचे पंधरा हजार झाले. (कोरोनात तीन हप्ते गोठवले, त्याची हळहळ शेजारी अजून करतात.)

घरी बसून बिड्या वळणाऱ्यांनाही भविष्यनिर्वाह निधी लागू होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली सांगितले. पुढे १९९५ ची पेन्शन योजना आली. सप्टेंबर २०१४ मध्ये तिची किमान पेन्शन हजार रुपये झाली आणि दहा वर्षांनंतरही हजारच राहिली. निर्देशांक लावला असता तर दीड हजाराच्या वर गेली असती.

ही पेन्शन वर्गणीच्या निधीतून द्यायची, तो निधी आटेल, असे सांगतात. आक्षेप खोटा नाही. पण मग किमान पेन्शनीपुरता तरी वाढीचा भार सरकारने उचलावा. सुरुवात सर्वांत लहान रकमेपासून करायला काय हरकत आहे?

कराचेही तेच. जुन्या पद्धतीतली अडीच लाखांची करमुक्त मर्यादा २०१४ ची. दहा वर्षांनीही तेवढीच होती. पगार नुसता महागाईपुरता वाढला तरी माणूस करात सापडतो. तरी करदात्याची ओरड दिल्लीपर्यंत पोचते.

शिवाय निर्देशांक तरी कोणाचा? २०१६ च्या नव्या मालिकेत औद्योगिक कामगारांच्या खर्चात अन्नाचा वाटा ४६ वरून ३९ टक्क्यांवर आणला. सरासरी कामगारासाठी ते खरे असेल. हजार रुपयांत महिना काढणाऱ्या बाईंच्या पिशवीत मात्र त्या दिवशी डाळीखेरीज फक्त तांदूळ आणि मीठ होते.