आरोग्य शिबिराला कोण आले नाही?

कृषी संशोधन संस्थांमध्ये कर्मचाऱ्यांसाठी आरोग्य उपक्रम आता नवे राहिलेले नाहीत. २१ जूनला योग दिन साजरा होतो, वर्षातून एकदा रक्तदाब व रक्तशर्करेची तपासणी होते, अधूनमधून ताणतणावावर व्याख्यान होते. उपस्थितीचा आकडा अहवालात जातो, छायाचित्र प्रसिद्ध होते आणि उपक्रम यशस्वी ठरतो. त्या छायाचित्रात कोण नाही, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. प्रक्षेत्रावर फवारणी करणारा हंगामी मजूर, चिखलात वाकून भाताची लावणी करणारी स्त्री, रात्रपाळीचा रखवालदार, आम्ले व द्रावके हाताळणारा प्रयोगशाळा परिचर, अशा ज्यांच्या शरीरावर कामाचा भार अधिक पडतो, त्यांचीच अनुपस्थिती बहुधा जाणवते.

या अनुपस्थितीचा अर्थ समजून घेण्यास अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाचा एक अभ्यास उपयुक्त आहे. तेथे सुमारे ४,८०० कर्मचाऱ्यांची यादृच्छिक पद्धतीने विभागणी करून एका गटाला आरोग्य कार्यक्रम देण्यात आला व दुसऱ्याला नियंत्रण गट म्हणून ठेवण्यात आले. रोनाल्ड फिशर यांनी रॉदमस्टेडच्या शेतांवर रुजवलेली ही पद्धत कृषी शास्त्रज्ञांच्या रोजच्या परिचयाची. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पहिल्या वर्षात वैद्यकीय खर्चात लक्षणीय फरक पडला नाही. आणि जे सहभागी झाले, ते मुळातच तुलनेने निरोगी होते. आर्थिक प्रोत्साहन शून्यावरून १०० डॉलर केल्यावर तपासणी पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण ४७ टक्क्यांवरून ५९ टक्क्यांवर गेले; २०० डॉलर दिल्यावर ते जेमतेम ६३ टक्के झाले. खताची मात्रा वाढवत नेल्यावर प्रतिसाद घटत जावा, तसेच हे झाले. बक्षिसाने सहभाग वाढतो, पण एका मर्यादेपर्यंतच.

म्हणून नियोजनाचा आरंभ कार्यक्रमापासून नव्हे, तर गरजेपासून व्हावा. माती परीक्षणाशिवाय खताची शिफारस करू नये, असे शेतकऱ्याला सांगणाऱ्या संस्थेने स्वतःच्या कर्मचाऱ्यांना मात्र सरसकट एकच मात्रा द्यावी, हे विसंगत आहे. बैठे काम करणाऱ्यांचा धोका मधुमेह व उच्च रक्तदाबाचा आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज आहे. प्रक्षेत्रावरील धोका निराळा आहे: ऊन, कंबरदुखी, सर्पदंश आणि कीटकनाशके. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजुरांचे बळी गेले, ही घटना फार जुनी नाही. फवारणी करणाऱ्यांची कामापूर्वी व नंतर ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी, संरक्षक वस्त्रे, प्रथमोपचार आणि प्रशिक्षण यांची तरतूद १९७१ च्या कीटकनाशक नियमांतच आहे. योगासनांच्या चटईपूर्वी हातमोजे, मुखपट्टी व हातपाय धुण्यास साबण-पाणी हवे.

सहभाग का होत नाही, याची कारणेही साधी असतात. रोजंदारीवरील मजुराला शिबिरासाठी अर्धा दिवस सोडावा लागला तर मजुरी बुडते. ऐन लावणीच्या आठवड्यात ठेवलेल्या शिबिराला कोणी येणार नाही. आपला तपासणी अहवाल अधिकाऱ्यांच्या हाती पडेल आणि काम जाईल, ही भीती तर कोणी उघड बोलूनही दाखवत नाही. उपाय त्याच क्रमाने करावे लागतील: तपासणी भरपगारी वेळेत व्हावी, पीक हंगाम पाहून तारीख ठरावी, अहवाल केवळ संबंधित व्यक्तीलाच मिळावा, आणि माहिती मजुरांच्या बोलीत दिली जावी. नियोजन समितीत प्रक्षेत्र मजुरांचा, विशेषतः स्त्रियांचा, प्रतिनिधी असावा. संचालकांनी स्वतः रांगेत उभे राहून तपासणी करून घेतली, तर ती कोणत्याही परिपत्रकापेक्षा अधिक परिणामकारक ठरेल.

पुष्कळ गोष्टींना तर शिबिराचीही गरज नाही. उन्हाळ्यात प्रक्षेत्राचे काम पहाटे सुरू करून दुपारपूर्वी थांबवता येते. सावली व पिण्याचे पाणी कामाच्या जागेजवळ नेता येते. कष्ट कमी करणारी सुधारित अवजारे संशोधन संस्थांनीच विकसित केली आहेत. ती प्रदर्शनाच्या दालनातून स्वतःच्या शेतावर यायला हवीत. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले. उपाहारगृहात ज्वारीची भाकरी रोज मिळू लागली, तर त्या वर्षाचे सार्थक होईल.

प्रकृती ही ज्याची त्याची जबाबदारी असून संशोधनाचा निधी त्यावर का खर्चावा, असा आक्षेप घेतला जातो. परंतु कामामुळेच उद्भवणारा धोका व्यक्तीच्या माथी मारता येत नाही. शिवाय प्रत्येक चाचणी भूखंडावरील नोंद कोणाच्या तरी हातांनी झालेल्या पेरणी, खुरपणी व कापणीवर उभी असते. पुढील वार्षिक अहवालात एकूण उपस्थितीच्या आकड्याशेजारी आणखी एक रकाना असावा: प्रक्षेत्र मजुरांपैकी किती जण आले आणि न आलेल्यांनी कोणते कारण सांगितले. पुढील वर्षीच्या कार्यक्रमाची आखणी त्या रकान्यावरूनच व्हावी.