आधी थंडावा, मग वेग
दिल्लीतील 2012 च्या वाहन प्रदर्शनात मांडलेल्या ‘डीसी अवंती’ या भारतीय स्पोर्ट्स कारच्या दोन लिटर इंजिनाची शक्ती टर्बोचार्जरने, म्हणजे धुराच्या झोतावर फिरून हवा दाबून आत ढकलणाऱ्या यंत्राने, वाढवलेली होती. परंतु दाबलेली हवा तापते आणि तापलेल्या हवेत प्राणवायू कमी मावतो, म्हणून शिरड शहापूरसारख्या, उन्हाळ्यात पारा 40 अंशांपलीकडे जाणाऱ्या गावी इंजिन सुधारणेच्या आराखड्यात इंटरकूलरला, अर्थात ही हवा निववणाऱ्या जाळीला, अग्रस्थान द्यायला हवे. नियंत्रक संगणकातील इंधनाचे प्रमाण त्यानंतरच बदलावे. आणि मोटार वाहन कायदा, 1988 चे कलम 52 नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांपासून वेगळे करणाऱ्या फेरफारांना मज्जाव करत असल्याने, कायद्याची ही मर्यादा खर्चापूर्वीच तपासणे अत्यावश्यक आहे.