'आत्ता' कुणाचा?

धम्म परिषदांत हमखास टाळ्या घेणारे वाक्य: आईनस्टाईनचे विज्ञान बुद्धाने आधीच सांगितले. वेदांत विमाने शोधणाऱ्यांना आम्ही हसतो. मग हे काय?

१९०५ च्या सापेक्षता सिद्धांतानुसार, एकाला एकाच वेळी घडलेल्या दूरदूरच्या दोन घटना वेगाने जाणाऱ्या दुसऱ्याला मागेपुढे ठरतात. साऱ्या विश्वाचा एकच 'आत्ता' उरत नाही. म्हणजे केवळ वर्तमानच सत् मानणाऱ्या सौत्रांतिकांवर, वकिली भाषेत, आपलाच साक्षीदार उलटला! भूत-भविष्यही आहेत म्हणणाऱ्या सर्वास्तिवाद्यांना तो सोयीचा. पण तेही बौद्धच. वसुबंधूने 'अभिधर्मकोशा'त हा वाद मांडला आहे. मग आईनस्टाईनचा शिक्का कुणाच्या मतावर मारायचा?

खुद्द आईनस्टाईनला 'आत्ता'चा प्रश्न छळत असे, असे तत्त्वज्ञ कार्नॅप यांनी नोंदवले आहे. माणसाला तो क्षण वेगळा वाटतो, भौतिकशास्त्रात मात्र तो वेगळेपणा सापडत नाही.