तणसाचा पंचनामा कोण करणार?

अवकाळी पाऊस झाला की आपल्याकडचं दृश्य ठरलेलं. धानाच्या कडपा बांधीत तरंगतात, नेते चिखलात उभे राहून फोटो काढतात, तलाठी आणि कृषी सहायक धान किती गेलं ते लिहून नेतात. तणसाचं कुणी विचारत नाही. वीस वर्षं पंचनाम्यांच्या बातम्या करतोय, तणसाचा रकाना मला अजून दिसला नाही.

आणि मूल-सावलीपासून आरमोरी-वडसापर्यंत गुरं जगतात ती या तणसावरच. ओलं तणस ढिगात गेलं की आतून तापतं, बुरशी धरतं. दुसरं काही नसतं म्हणून माणूस तेच झटकून गव्हाणीत टाकतो.

मागच्या हिवाळ्यात सावली तालुक्यात एका गोठ्यात म्हैस पाहिली. शेपटीचं टोक काळं पडून वाळलेलं, कानाच्या कडा तशाच, मागचा पाय टेकवेना. मालकाने लाळ्या-खुरकूत समजून घरगुती उपाय केले. पण लाळ नव्हती, तोंडात फोड नव्हते. बुरशी लागलेल्या भाताच्या पेंढ्यातून म्हशींना होणारा 'डेगनाला' रोग 1930 च्या दशकापासून माहीत आहे. आता पाकिस्तानात असलेल्या पंजाबातल्या देग नाल्यावरून त्याला हे नाव पडलं. त्या म्हशीला तेच झालं होतं असं मी म्हणत नाही, मी काही डॉक्टर नाही. पण तणसाचा नमुना घ्यावा असं कुणालाच वाटलं नाही, हे मात्र म्हणतो.

उपाय चंद्रावरचा नाही. 100 किलो तणसाला 4 किलो युरिया, 40-50 लिटर पाण्यात विरघळवून थराथरावर शिंपडायचा, तुडवायचं, प्लास्टिकने हवाबंद करून 21 दिवस ठेवायचं. तणस आधीच ओलं असेल तर पाणी त्या मानाने कमी. युरियाचा अमोनिया होतो, तो बुरशी वाढू देत नाही, काही विषंही मोडतो, वर तणस पचायला हलकं होतं. अमेरिकेत फेस्क्यू नावाच्या गवतातली बुरशी गुरांचे पाय सडवते. तिथेही वाळल्या गवताला अमोनिया देऊन विष कमी करता येतं, हे सिद्ध झालंय. 45 किलोची गोणी पावणेतीनशेच्या आत मिळते, म्हणजे 4 किलोचा खर्च 25 रुपयेसुद्धा नाही.

पण 'युरिया मारला की विष उतरलं' असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका. सगळी विषं अमोनियाने जात नाहीत. काळं पडून सडलेलं तणस खताच्या खड्ड्यातच टाकायचं. प्रक्रिया केलेलं तणस तासभर तरी मोकळ्या हवेत पसरून मग द्यायचं, लहान वासरांना नाहीच. आणि युरियाचं पाणी चुकून जनावर प्यालं तर ते दगावतं. म्हणूनच हे पत्रक वाटून होणारं काम नाही, गावात येऊन करून दाखवायचं काम आहे. तेही पाऊस पडल्यावर आठ दिवसांत. जानेवारीच्या शिबिरात हारतुरे घेऊन काय उपयोग? तोवर बुरशी लागून मोकळी झालेली असते.

वरून वनविभाग सांगतो, वाघ आहे, गुरं जंगलात नेऊ नका, घरी बांधून चारा घाला. बरोबरच आहे, गुराखी मेल्याच्या बातम्या मीच लिहितो. पण घरी घालायचं काय? वाघाने गाय मारली तर भरपाईचा अर्ज तरी आहे. बुरशीने मारली तर कुठल्या टेबलावर जायचं?

तुमच्या गावात तणसाचा पंचनामा झाला असेल तर कागदाचा फोटो पाठवा. मी ही पोस्ट दुरुस्त करतो.