घाटाला विचारा, गाडी किती मोठी हवी ते!

"लोकांनाच मोठ्या गाड्या हव्यात, त्याला कंपनी काय करणार?" हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता हसूही येत नाही.

महिंद्राचंच घ्या. १९४७ मध्ये विलीज जीप जोडायला सुरुवात केलेली ही आपल्या मुंबईची कंपनी. २००७ साली रेनोबरोबर लोगन आणून पाहिली. पुढे तिचंच नाव व्हेरिटो झालं, आणि तीही बंद पडली. आज त्यांच्याकडे साधी हॅचबॅक नाही की सेदान नाही. २०२४-२५ मध्ये मात्र साडेपाच लाखांवर एसयूव्ही विकल्या! धंदा झकास आहे, पण तंबू एकखांबी. डिसेंबर २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने दिल्ली परिसरात २००० सीसी आणि त्यावरच्या डिझेल गाड्यांची नोंदणी थांबवली, तर पुढच्याच महिन्यात यांचं १.९९ लिटरचं इंजिन हजर. त्याआधी २०१३ च्या अर्थसंकल्पात एसयूव्हीवर जादा कर आला. एसयूव्ही कुठली, तर इतर अटींबरोबर जमिनीपासून १७० मिमी उंच असेल ती. लगेच एक्सयूव्ही ५०० चं पोट १६० मिमीवर उतरलं. खडबडीत रस्त्यांसाठी म्हणून जी उंची विकली, ती करासाठी कापली! मग गरज कुणाची होती?

बोलेरोला मी नावं ठेवणार नाही. कर्जतच्या वाड्यांवरून पेशंट आणि भाताची पोती तीच आणते. माझा राग आहे तो शनिवार-रविवारी फार्महाउसकडे निघालेल्या, आत दोनच माणसं बसलेल्या धुडांवर. समोरून मोटरसायकलवाला आला तर त्यानेच कडेच्या मातीत उतरायचं. विचारलं तर म्हणे, घाटासाठी ताकद लागते. अहो, नेरळहून माथेरानचा तो उभा चढ ओम्नी टॅक्स्यांनी वर्षानुवर्षं ८०० सीसीच्या आतल्या इंजिनावर चढवला, सगळ्या सीटा भरून! आता इको चढवते. आणि २२०० सीसीची स्कॉर्पिओ असली तरी दस्तुरी नाक्यावर ती सोडूनच पुढे जायचं आहे. (माथेरानने हे एक फार शहाणपणाचं केलंय.)

खालापूरच्या टोलनाक्यावर तर आणखी गंमत. आल्टो आणि थार एकाच रकान्यात, टोल सारखाच. रस्ता जास्त अडवणाऱ्याने पैसे जास्त का भरू नयेत? वजन तर आरसी बुकात लिहिलेलंच असतं, मोजायलाही नको. त्यावर टोल लावा, आणि मग बघू लोकांना काय हवंय ते.