बारावीचा अभ्यास मुलांचा, दाखल्यांची जबाबदारी आपली

जाहीर आवाहन

तालुक्यातील सर्व पालक, शिक्षक, ग्रामपंचायतींचे पदाधिकारी, सेवा केंद्रचालक आणि तरुण मंडळांना,

कॉलेजे सुरू झाली आहेत. बारावीच्या मुलामुलींच्या क्लासची, पुस्तकांची, एसटीच्या पासची सोय बहुतेक घरांनी केली असेल. पण एक काम अजून कुणी हातात घेतलेले नसते. दरवर्षी निकाल लागला की तहसील कचेरीसमोर आणि सेतूच्या खिडकीवर गर्दी उसळते. मुलाकडे सीईटीचे चांगले पर्सेंटाइल असते, नसतो तो दाखला. मग राखीव जागा हातची जाते, किंवा फीची सवलत बुडते. मार्कांत कमी न पडलेले मूल कागदात कमी पडते, आणि तो कागद गोळा करणे हे काही सतरा वर्षांच्या पोराचे काम नव्हे. म्हणून आमचे मागणे एवढेच आहे: अभ्यास मुलांना करू द्या, दाखल्यांची धावपळ आपण मोठ्यांनी आजपासून अंगावर घेऊ.

सर्वांत आधी जात पडताळणी

राखीव प्रवर्गातून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यायचा तर नुसते जातीचे प्रमाणपत्र पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र म्हणजेच 'व्हॅलिडिटी' लागते. काही वर्षी सरकारने ते सादर करायला मुदतवाढ दिली आहे, पण यंदाही मिळेल या भरवशावर बसू नका. अर्ज ऑनलाइन भरून त्याची प्रत कागदपत्रांसह पडताळणी समितीकडे द्यावी लागते, सोबत कॉलेजच्या प्राचार्यांचे पत्र आणि शपथपत्रे जोडावी लागतात. अनुसूचित जमातींसाठी समित्या वेगळ्या आहेत, हे ध्यानात ठेवा.

खरा वेळ जातो तो जुना पुरावा शोधण्यात. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीची नोंद मुख्य मानली जाते. म्हणजे शोध आजोबा-पणजोबांपर्यंत जातो. आजोबा ज्या प्राथमिक शाळेत गेले तिथल्या जनरल रजिस्टरचा उतारा, कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद, जुने फेरफार ही शोधायची ठिकाणे.

असे रजिस्टर उघडल्यावर काय दिसते, हेही आधीच माहीत असलेले बरे. पाने कडेने झिजलेली असतात. आजोबांचे नाव घरात ज्या नावाने घेतात तेच तिथे असेल असे नाही. आडनावाच्या जागी गावाचे नाव असते किंवा जागा कोरीच असते, जात एखाद्या अक्षरात उरकलेली असते. कधी नोंद मोडीत असते, मग मोडी जाणणाऱ्याकडून लिप्यंतर करून घ्यावे लागते. मुलापासून त्या नोंदीपर्यंतची साखळी वंशावळीने जुळवावी लागते. हे सारे निकालानंतरच्या पंधरवड्यात उरकणारे नाही. आत्ता सुरुवात केली तर दिवाळीपर्यंत फाइल समितीकडे पोहोचू शकते.

इथे भाऊबंदांना एक कळकळीची विनंती आहे. वडिलांकडच्या रक्तनात्यातल्या कुणाला आधी व्हॅलिडिटी मिळाली असेल, तर तो मोठा पुरावा ठरतो. काका, आत्या, चुलतभाऊ यांनी आपल्या प्रमाणपत्राची झेरॉक्स मागितल्याबरोबर द्यावी. बांधावरून, वाटणीवरून काय वाद असतील ते कोर्टात चालू द्या, पुतण्याच्या प्रवेशात ते आणू नका.

कोणता दाखला कधी काढायचा

सगळेच दाखले आज काढून चालत नाही. वय, अधिवास व राष्ट्रीयत्वाचा दाखला आत्ताच काढून ठेवा. ओबीसी, भटके-विमुक्त, विशेष मागास प्रवर्ग आणि एसईबीसी यांना लागणारा नॉन-क्रिमीलेअरचा दाखला मात्र प्रवेशाच्या आर्थिक वर्षाअखेर, म्हणजे त्यापुढच्या ३१ मार्चपर्यंत चालणारा हवा. येत्या मार्चमध्ये संपणारा दाखला पुढच्या जूनमध्ये कामाचा नाही. ईडब्ल्यूएसचा दाखलाही वर्षापुरताच असतो. तेव्हा उत्पन्नाचे पुरावे मार्चपर्यंत जमवून ठेवा आणि एप्रिल लागताच अर्ज टाका.

शाळा सोडल्याचा दाखला, दहावीची गुणपत्रिका आणि आधार कार्ड शेजारी शेजारी ठेवून एकदा वाचा. नाव, आईचे नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, स्पेलिंग, सगळे जुळते का? दुरुस्ती हवी असेल तर मूल शिकत असतानाच ती करून घेणे सोपे जाते. बोर्डाचा परीक्षा अर्ज कॉलेजमधून भरला जाईल, तेव्हाही नाव आणि विषय स्वतः तपासा.

मुलींच्या पालकांनी तर याकडे अजिबात दुर्लक्ष करू नये. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातील, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट अशी की प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घाईने जागा घेतली की ही माफी गेली. फी परवडत नाही म्हणून मुलीचे शिक्षण थांबवण्याआधी हा निर्णय वाचा.

परीक्षा आणि पसंतीक्रम

सीईटी फक्त सायन्सच्या मुलांची, हा गैरसमज काढून टाका. पाच वर्षांच्या एलएलबीला, हॉटेल मॅनेजमेंटला सीईटी आहे. २०२४ पासून बीबीए, बीसीए, बीएमएसलाही आहे. कला-वाणिज्यची कितीतरी मुले केवळ अर्जाची तारीख कळली नाही म्हणून मागे राहतात. एमएचटी-सीईटीत निगेटिव्ह मार्किंग नाही, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नये. नीट आणि जेईईत चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात, तिथे हा हिशेब चालत नाही. सीईटीत अकरावीच्या अभ्यासक्रमावरही प्रश्न येतात, म्हणून अकरावीची पुस्तके रद्दीत घालू नका.

अर्ज सेवा केंद्रात भरा, पण मोबाइल नंबर आणि ईमेल घरचाच द्या. केंद्रवाल्याचा नंबर दिला की ओटीपी त्याच्या फोनवर जातो आणि ऐन फेरीच्या दिवशी त्याचे दुकान बंद असते. पसंतीक्रम भरताना मागच्या वर्षीचे कटऑफ पाहा, पण वर तेच कॉलेज लिहा जे मुलाला खरोखर हवे आहे. पहिल्या पसंतीची जागा मिळाली की पुढच्या फेऱ्यांत बदलता येत नाही. बाकी नियम दरवर्षी थोडे बदलतात, म्हणून शेजाऱ्याच्या सांगण्यापेक्षा सीईटी सेलची त्या वर्षीची माहितीपुस्तिका प्रमाण माना.

कोणी काय करावे

प्राचार्यांनी पडताळणीच्या पत्रांवर सह्या करण्यासाठी आठवड्यातला एक वार ठरवून द्यावा. मुख्याध्यापकांनी जुनी रजिस्टरे शोधायला शिपायाच्या सोबतीला शाळेची माजी मुले घ्यावीत. सेवा केंद्रचालकांनी ठरलेले दर पाटीवर लावावेत आणि पावती द्यावी. दाखल्याला मुदतीपेक्षा उशीर झाला तर पालकांनी हात जोडत बसू नये. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ प्रमाणे अपील करण्याचा हक्क आहे, तो वापरावा. गणेशोत्सव मंडळांनी यंदा मांडवात एक संध्याकाळ फक्त बारावीच्या कागदपत्रांसाठी ठेवावी: एक लॅपटॉप, एक प्रिंटर आणि हे सारे नुकतेच पार पाडलेली दोन-चार कॉलेजची मुले एवढे पुरेसे आहे. पुण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्यांनी गावातल्या एका तरी मुलाचा अर्ज फोनवर सोबत बसून भरून द्यावा.

ज्या घरात आईवडील दोघेही रोजंदारीवर जातात, तिथे कचेरीची एक खेप म्हणजे दोघांपैकी एकाची मजुरी बुडणे. अशी घरे प्रत्येक वाडीत आहेत आणि ती कोणती हे आपल्याला माहीत आहे. त्यांनी येऊन विचारण्याची वाट पाहू नका. येत्या रविवारी आपल्या वाडीतल्या बारावीच्या मुलांची यादी करा, प्रत्येकाच्या नावापुढे आहेत ते आणि नाहीत ते दाखले लिहा, आणि एकेका मुलाची जबाबदारी एकेका मोठ्या माणसाने घ्या.

आपले नम्र,
तालुक्यातील काही शिक्षक व पालक